अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मागेच डोंगर सुरू होतो. तिथल्या पायवाटेवर रविवारी सकाळी पोरांना घेऊन जायचं खूळ आम्हा काही आयांच्या डोक्यात शिरलं होतं. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, किडे बघायची भिंगं, एकीच्या गळ्यात शिट्टी. थाट असा, की हिमालयच सर करायचाय. चढ म्हणाल तर माझी सहा वर्षांची लेक पळत चढते.

त्या रविवारी माझे वडील आमच्याकडे मुक्कामाला होते. नातीने हट्ट धरला म्हणून तेही निघाले. मालवणकडचा माणूस, अर्धं आयुष्य गिरणीत गेलं तरी रान म्हटलं की अजून अंगात वारं शिरतं. हातात कापडी पिशवी होती. खाऊ असेल म्हणून मी विचारलं नाही.

पायवाट सुरू होते तिथे एक मोठा धोंडा आहे. बाबांनी त्याच्यापाशी चपला काढल्या, पिशवीतून नारळ आणि पानसुपारी काढून ठेवली आणि हात जोडले. आता काय होणार ते मला कळलं. आमच्या गावाकडे परक्या रानात शिरायचं तर तिथल्या राखणदार देवाला सांगून शिरतात. तेही मोठ्याने. एकाने गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं.

“बा जागेवाल्या म्हाराजा,” बाबांनी खणखणीत आवाज लावला, “आज ही पोरां तुझ्या रानात येतत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” माझ्या लेकीने आरोळी ठोकली. पोरांना वेगळं काही सांगावं लागलं नाही. सगळी रांगेत उभी राहून तिच्यामागे ओरडायला लागली.

“खय कोणाचो पाय घसरलो, कोणाच्या हातसून चूकभूल झाली...”

तेवढ्यात मला दिसलं, शिट्टीवाली मोबाइलवर शूट करतेय. फिरायला आलेलं एक जोडपंही थांबलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेत माझं मालवणी ऐकून मुली हसायच्या, तेव्हा मोठ्या कष्टाने मी जीभ घासूनपुसून घेतली होती.

“बाबा, इथे नको ना,” मी दबक्या आवाजात म्हटलं. “सगळे बघतायत.”

ते वाक्याच्या मधेच थांबले. ‘पोटात घाल आणि सुखरूप घराक धाड’ हे पुढचं राहूनच गेलं. गाऱ्हाणं अर्धं सोडत नाहीत, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यांनी नारळ उचलून पिशवीत ठेवला. एक सणसणीत शिवी हासडली असती तर मला बरं वाटलं असतं.

वर पोरं कोळ्याचं जाळं बघत होती, मुंगळ्यांच्या मागे लागत होती. बाबा सगळ्यांच्या मागून चालत होते. कोणी ठेचकाळतंय का, एवढंच बघत. शिट्टीवाली माझ्याजवळ आली.

“यार, थांबवलंस कशाला? किती भारी म्हणत होते काका! माझे आजोबा पण असंच घालायचे गं. आईला पाठवायला रेकॉर्ड करत होते मी.”

मला तिच्याकडे बघवेना. हसलं कोणीच नव्हतं. भीती माझी होती आणि शिक्षा मी म्हाताऱ्या माणसाला दिली, त्याच्या नातीसमोर. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

घरी आल्यावर सॉरी म्हणायच्या ऐवजी मी बाजारातून शिंपल्या आणून त्यांच्या आवडीचं तिसऱ्यांचं सुकं केलं. ते जेवले, छान झालंय म्हणाले आणि झोपले.

पुढच्या रविवारी पिशवीत नारळ मीच घातला. धोंड्यापाशी पोहोचताच पोरं न सांगता रांगेत उभी राहिली. बाबांनी माझ्याकडे बघितलं.

“घाला ना बाबा. पूर्ण घाला,” मी म्हटलं.

त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले, घसा खाकरला. तेवढ्यात माझ्या लेकीने त्यांचा सदरा ओढला.

“आजोबा, इथे नको ना,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “सगळे बघतायत.”

शब्द माझे होते, सूरही माझाच.

“बरां गो बाय,” बाबा म्हणाले आणि चपला घालायला लागले. पोरं मात्र रांग मोडायला तयार नव्हती.