जिनिंग चालू असतानाचं गाणं

मध्यंतरी भाच्याने एका इंग्रजी बँडच्या जुन्या रेकॉर्डी आणल्या. सत्तरच्या दशकातल्या, कुठल्याशा मैदानावरच्या कार्यक्रमात जशाच्या तशा उतरवून घेतलेल्या. गिटारी कडाडतायत, माणसं ओरडतायत, मधेच गाणारा दम घेतो, दोन शब्द बोलतो, लोक हसतात. भाचा मला समजावत होता, की मामा, हे लाइव्ह आहे, स्टुडिओत असं होत नाही. मी मान हलवली. या वयात कोणी काही समजावायला लागलं की मी मान हलवतो, त्याने काम लवकर आटोपतं. मनात म्हटलं, अरे बाबा, तुझ्या या बँडच्या आधीपासून असली एक टेप आपल्या घरात आहे. गाणारा तुझा मोठा मामा होता, आणि पाणी आणणारा मी.

दादा बडनेऱ्याला रेल्वेत कारकून होता. राहायचा अमरावतीला, मायजवळ. रेल्वे कॉलनीतला एक गार्ड नोकरी संपवून गाव सोडून चालला होता, त्याच्याकडून दादाच्या मित्राने गिटार घेतली आणि चौघांचं डोकं फिरलं. लग्नाच्या बँडमधला एक ढोल आला, कोणाचं तरी अ‍ॅकॉर्डियन आलं. रेडिओवर इंग्रजी गाणी ऐकायची आणि तो ठेका हिंदी गाण्यांखाली घालायचा, असा यांचा प्रकार. दादाचा आवाज भारी होता, खर्जातला. तो गायला लागला की पानठेल्यावरची माणसंसुद्धा बोलायची थांबत.

मला ना सूर होता ना ताल. मी अकोल्याला शाळेत मास्तर. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की यांचा कार्यक्रम असेल तिथे जायचं, अ‍ॅम्प्लिफायरचं धूड उचलायचं, वायरी गुंडाळायच्या, कोणाला चहा, कोणाला पाणी. सोमवारी पुन्हा फळ्यासमोर उभा. मला त्या गाण्यांचा कंटाळा होता, आणि खरं सांगायचं तर दादाचा हेवाही होता. माय शेजारणींना सांगायची की मोठा गाते. लहाना काय करते, हे कोणी विचारत नसे आणि तीही आपणहून सांगत नसे.

अकोल्यात माझ्या खोलीच्या मागेच एक जिनिंग होती. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याला आमच्याकडे सगळे जिनिंगच म्हणतात. तिथला शेट हौशी. त्याने मुंबईहून टेपरेकॉर्डर आणला होता. चामड्याच्या मुठीची पेटी, वर दोन मोठी चाकं, आणि ती उचलायची म्हणजे खांदा निखळायची वेळ. हंगामाच्या मुहूर्ताला त्याने दादाच्या बँडला बोलावलं. दुपारी जिनिंगच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या. आता गाणं म्हणजे मशीन बंद ठेवायला हवं, पण तिथला रिवाज असा की मुहूर्ताला सुरू केलेलं मशीन दिवस मावळेपर्यंत थांबवायचं नाही. थांबलं तर वर्षभर थांबतं. शेटसमोर कोण बोलणार? तेव्हा आत मशीन घरघरतंय, हवेत कापूस उडतोय, गाडीवान बैल सोडून सतरंजीवर येऊन बसलेत, आणि दादा गातोय. तिसरं गाणं संपल्यावर त्याने माइकवरच मला पाणी मागितलं. सगळं पटांगण हसलं. मी गिलास घेऊन गेलो तेव्हा माझे कान तापले होते.

शेटने ते सगळं टेप करून घेतलं आणि कार्यक्रम संपल्याबरोबर तिथेच लावून ऐकवलं. आवाज अगदी हुबेहूब. मशीनची घरघर आणि लोकांचं हसणंसुद्धा त्यात आलं होतं. दादा स्वतःचाच आवाज ऐकून लाजला. त्याला लाजताना मी तेव्हाच पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली. डोळे पिवळे झाले तरी तो कामावर जात राहिला, झाडपाल्याचं औषध घेत राहिला, आणि पावसाळ्याआधी गेला. मी सुट्टीभर मायजवळ राहिलो. ती रडत नसे. दळण, सारवण, सगळं करी. एक दिवस ताक करताना रवी थांबवून म्हणाली, "चेहरा दिसते त्याचा. पण आवाज कानात येऊनच नाही राहिला. मी इसरली का रे त्याचा आवाज?"

मला टेप आठवली. शाळा सुरू झाल्यावर शेटकडे गेलो. तो भला माणूस, त्याने टेप दिलीच, वर टेपरेकॉर्डरही दिला. म्हणाला, मी दुसरा घेणारच आहे, हा राहू दे मायजवळ. ती पेटी घेऊन मी अकोल्याहून निघालो, बडनेऱ्याला गाडी बदलली आणि अमरावतीला घरी पोचेपर्यंत माझे दोन्ही हात बधिर झाले होते. मायला समोर बसवून टेप लावली.

दादाऐवजी त्यातून कोणी नाकात बोलणारं पोर गायला लागलं. ढोल टिकटिक वाजत होता, गाणी घाईघाईने संपत होती, आणि लोकांचं हसणं ऐकून किळस यायची. मी बटणं दाबून पाहिली, टेप उलगडून परत लावली. तेच. मायने पदर कानावर घेतला.

"कोन्या लेकराचा आवाज हाये हा? माहा मोठा नाही हा."

मी तिला समजावत बसलो, की तोच आहे, मशीन बिघडलं असेल. दुसऱ्या दिवशी रेडिओवाल्याकडे नेलं. तो म्हणाला, मशीन ठणठणीत आहे, टेपच अशी आहे. घरी आलो तर माय चुलीपाशी बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता हाच आवाज येते कानात. काहून ऐकवला मले?"

मी पेटी उचलली आणि परत अकोल्याला आणून खाटेखाली सरकवली. त्या दिवसांत मी फार थकलो होतो. शनिवारी अमरावती, सोमवारी अकोला, दोन्हीकडे कोणीच माझी वाट बघत नव्हतं. माय जेवायला वाढायची आणि माझ्या पलीकडे दाराकडे बघत बसायची.

कापसाचा हंगाम आला. एका दुपारी शाळेतून येऊन आडवा झालो, पण मागच्या घरघरीने झोप लागेना. चिडून उठलो. ही टेप पुसून त्यावर पोरांचे पाढे तरी घ्यावेत, असं डोक्यात आलं. दिवा लावून खाटेखालची पेटी बाहेर ओढली, पुसण्याआधी एकदा टेप लावली, आणि खोलीत दादा गायला लागला. त्याचाच आवाज. भारी, खर्जातला, ओळीच्या शेवटी जरासा घसरणारा. मी खाटेवर बसलो तो बसूनच राहिलो.

नजर वर गेली तर बल्ब निखाऱ्यासारखा लाल दिसत होता. जिनिंग सुरू असली की आमच्या गल्लीतले दिवे असेच पेंगत, त्याचं कोणाला काही वाटत नसे. मग मला उमगलं. मुहूर्ताच्या दिवशी मशीन थांबवलं नव्हतं, म्हणून वीज कमी मिळाली, म्हणून टेपरेकॉर्डरची चाकं मंद फिरली. कमी विजेवर घेतलेला आवाज कमी विजेवरच खरा निघणार होता. अमरावतीला आमच्या घरी पूर्ण वीज होती, तिथे दादा पळत सुटायचा. संध्याकाळी मागचं मशीन थांबलं, बल्ब उजळला, आणि चालू गाण्यातच दादाचं पुन्हा ते नाकात बोलणारं पोर झालं.

मायला आणायला मला दोन फेऱ्या कराव्या लागल्या. पहिल्यांदा ती नाही म्हणाली. दुसऱ्यांदा मी सांगितलं की या वेळी चुकला तर पेटी मोर्णा नदीत टाकून देतो, तेव्हा कबूल झाली. ती एसटीने अकोल्याला आली तो शनिवार होता. सकाळची शाळा करून तसाच स्टँडवर गेलो, तिचं बोचकं खांद्यावर घेऊन तिला खोलीवर आणलं, नळावरून घागर भरली. मागे मशीन सुरू होतं. भर दुपारी बल्ब लावून बघितला. लाल होता. टेप लावली.

पहिल्या ओळीला तिने हात पुढे केला आणि पेटीवर ठेवला. पेटी गरम होते, थरथरते. तिने हात काढला नाही. डोळे मिटले नाहीत, रडली नाही, नुसती ऐकत राहिली. दुसरं गाणं झालं, तिसरं झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादा धापा टाकत म्हणाला, "पानी आन रे लहान्या, घसा सुकला." पटांगण हसलं.

माय माझ्याकडे वळली. "उठ न. आयकू नाही आलं का? पानी दे त्याले."

आणि मी उठलो. सवयच होती. घागर कलती करून गिलास भरला, वळलो, आणि पेटीसमोर येऊन उभा राहिलो. आता हा गिलास कोणाला द्यायचा, ते कळेना. मायही गिलासाकडे बघत होती. मग तिची नजर माझ्या हातावर आली, सदऱ्याच्या खडूने पांढऱ्या झालेल्या बाहीवर आली, आणि तोंडावर येऊन थांबली. तिने पेटीवरचा हात काढला आणि माझ्या मनगटाला धरलं.

"तूच पे बापू," ती म्हणाली. "तू बी लय थकला."

मी उभ्याउभ्याच ते पाणी प्यायलो. दादा पुढचं गाणं म्हणत होता.