माळेमागची काच

आमच्या गावच्या जुन्या दगडी वाचनालयात यंदा संगीत महोत्सव भरलाय. तिथल्या भिंतीला एक तडा आहे. त्यावर इंजिनियरने गेल्या वर्षी सिमेंटने काचेची पट्टी आडवी चिकटवलीय. भिंत हलली की काच तडकते आणि धोका कळतो. काल गाण्याला गेलो, तर नेमकी तिथेच झेंडूची दाट माळ! मनात शंकेची पाल चुकचुकली. आपलं जुन्यावरचं प्रेम असंच: आधी झाकायचं, मग टाळ्या वाजवायच्या. तानेवर सगळे माना डोलवत होते, मी भिंतीकडे बघत होतो.

मध्यंतरात शिपाई सदूभाऊंना विचारलं.

"काच शाबूत आहे हो," ते माझ्याकडे न बघताच म्हणाले.

मी माळ बाजूला सारली. काच शाबूत होती, अगदी कोरी करकरीत. बोट लावलं, तर कडेचं सिमेंट अजून ओलं होतं.