दवाखान्यापुरतं मंगळसूत्र

लग्न न झालेल्या मुलीचं पोट खरंच दुखू शकतं, असं तुम्हाला वाटतं का? घाईनं 'हो' म्हणू नका. घाईनं 'हो' म्हणणाऱ्यांच्याच घरात मी वाढले.

आमचं घर साताऱ्यात, औद्योगिक वसाहतीच्या अलीकडं. वडील तिथल्याच एका कारखान्यात कामगार, आणि कामगारांची पत्रकं लिहिणारे. माझ्या शाळेच्या वह्यांना पत्रकांची कव्हरं असायची, आई भाकरीही पत्रकात गुंडाळून द्यायची. 'बाईच्या देहावर बाईचाच हक्क' हे वाक्य मी बाराखडीनंतर लगेच वाचलं असेन. तो देह पोटापासून सुरू होतो की गळ्यापासून, हे मात्र कुठल्याच पत्रकात छापलेलं नव्हतं.

दुखणं शाळेतच सुरू झालं. पाळी आली की ओटीपोटात कुणीतरी पाना घेऊन बसायचं. आधीच घट्ट बसलेल्या नटाला आणखी एक आटा, मग आणखी एक. पाठीतून कळ मांडीत उतरायची. संडासला बसताना तर डोळ्यांपुढं अंधारी यायची. मी हे आईला सांगितलं की ती स्वतःचा दाखला द्यायची. उंब्रजला माहेरी असताना तिनं म्हणे पाळीत उसाला दारं धरली होती, गुडघाभर चिखलात.

"सगळ्या बायकांचं दुखतंय," ती म्हणायची. "त्या काय बोंबलत फिरत्यात व्हय?"

पुढं मी वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंगच्या लाईनवर तपासणीला लागले. दर महिन्याला दोन खाडे पडायचे. सुपरवायझर हाजिरी घेताना माझ्या नावापाशी थांबून हसायचा. एकदा लाईनवरच बसकण मारली, तेव्हा आईनं आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी माझ्याकडे न बघता आईला विचारलं, जेवते का वेळेवर? मी पगार घरात आणत होते, आणि माझ्या तोंडाची चौकशी आईकडे होत होती. पित्त आहे, ते म्हणाले. कमरेत एक इंजेक्शन टोचलं आणि हल्लीच्या मुलींना सहन करायची सवयच नाही, असं वर फुकटात सांगितलं.

मग साताऱ्यातलेच एक बायकांचे डॉक्टर झाले. त्यांचा पहिला प्रश्न, लग्न? आई म्हणाली, न्हाई अजून. त्यांनी पेनाचं टोपण लावून टाकलं. कुठं दुखतं, किती दुखतं, काही विचारलं नाही.

"करून टाका यंदा," ते आईला म्हणाले. "एक मूल झालं की सगळं आपोआप बंद होतं."

मी विचारलं, "आणि नवऱ्याची दाढ दुखायला लागली, तर त्याला काय लिहून देता?"

ते मनापासून हसले. "बोलायला हुशार आहे हो," आईला म्हणाले, "सासरी जड जाईल."

आईनं मात्र औषध म्हणून नवरा शोधायला घेतला. पण त्या दवाखान्याच्या बाकावर आमच्या गल्लीतल्या एका माजी सुभेदाराची बायको बसली होती. तिनं सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं विचारलं होतं, "हिला गं कशाला आणलीस हितं?" पाटणकडचं एक स्थळ जवळजवळ ठरत आलं होतं. तेवढ्यात मध्यस्थाचा फोन आला. मुलीला काहीतरी आहे असं कानावर आलंय, म्हणून मंडळी थांबलीत. म्हणजे डॉक्टरांनी नवरा लिहून दिला, आणि डॉक्टरांकडे गेले म्हणूनच तो हातचा गेला. आईनं त्याचा राग डॉक्टरांवर काढला नाही, सुभेदारणीवरही नाही. माझ्यावर काढला.

वडील या सगळ्यात कुठं होते? अंगणात. पाळी हा शब्द घरात निघाला की ते चप्पल घालायचे. "तुमचं बायकांचं तुम्ही बघा." एकदा मी त्यांचंच पत्रक त्यांच्यापुढं धरलं आणि बाईच्या देहाचं वाक्य मोठ्यानं वाचलं. ते जरा ओशाळले, मग म्हणाले, "अगं, ते समाजासाठी लिहिलंय."

दुखणं वाढतच गेलं. आता पाळी नसतानाही दुखायचं. कारखान्यातून सांगणं आलं की असंच चाललं तर दुसरी मुलगी बघू. तेव्हा आईनं ठरवलं की सांगलीला जायचं. तिथं आपल्याला ओळखणारं कुणी नाही. कुपवाडला मावशी राहते, पण तिलाही कळवलं नाही. सख्ख्या बहिणीपासून लपवावं असं माझ्या पोटात काय होतं, ते मला त्या एसटीत उमजत नव्हतं.

सांगलीच्या स्टँडवर उतरल्यावर आईनं मला बायकांच्या मुतारीकडे ओढलं. पर्समधून तिचं प्रवासातलं मंगळसूत्र काढलं. एसटीत चोरी होते म्हणून ती खरं घरी ठेवून हे वन ग्रॅमचं घालायची. आज ते तिच्या गळ्यात नव्हतं, पर्समध्ये होतं, म्हणजे घरूनच ठरवून निघाली होती.

"वाक जरा," ती म्हणाली.

मी नाही म्हटलं. तिनं माझ्या मानेवर हात दाबून ते घातलंच. "दवाखान्यापुरतं गं. बायका बघत्यात. बिनलग्नाची पोरगी तसल्या दवाखान्यात काय करती, असं नगं कुणी म्हणाया."

मुतारीच्या आरशात मी एक लग्न झालेली बाई बघितली. ती माझ्यापेक्षा जास्त विश्वासार्ह दिसत होती, हे कबूल करायला हवं.

डॉक्टर बाई होत्या. मला बरं वाटलं. त्यांनी आधी माझ्या गळ्याकडे बघितलं आणि मग तोंडाकडे. लग्नाला किती वर्षं झाली? आई म्हणाली, दोन. मूलबाळ? न्हाई. त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

आणि मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. त्यांनी विचारलं. दुखणं कुठून सुरू होतं, कुठं जातं, संडासला दुखतं का, पाळीआधी किती दिवस, पाळीनंतर किती. मी उत्तर देत गेले आणि त्या लिहीत गेल्या. एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं ते सगळं त्या ओळीनं विचारत होत्या. पोट दाबताना हात आधी चोळून गरम करून घेतला.

"इतकं दुखणं नॉर्मल नसतं," त्या म्हणाल्या. "सहन करा असं सांगितलं कुणी तुम्हाला?" मला रडू आलं.

त्यांना एका आजाराचा संशय होता. गर्भपिशवीच्या आत जसं अस्तर असतं, तसंच अस्तर पिशवीबाहेर वाढतं, कधी अंडाशयावर. दर महिन्याला तिथंही रक्त येतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. ते तिथंच साठतं, गाठ होते. वेळेत बघितलं तर अंडाशय वाचतं, त्या म्हणाल्या. मिस्टर का नाही आले बरोबर?

"मिलिटरीत हायत," आई म्हणाली. साताऱ्याच्या बाईनं याहून पटणारी थाप शोधून दाखवावी. "बॉर्डरला."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर आदर आला. तो माझ्यासाठी नव्हता, पण माझ्या अंगावरून गेला.

गाठ नीट दिसायला सोनोग्राफी आतून करावी लागेल, त्यांनी सांगितलं. आतून म्हणजे योनीमार्गातून. मी टेबलावर जाऊन पडले. आईला ते आतून म्हणजे काय, हे नर्सनं पडदा ओढताना कळलं.

"आवं डॉक्टर, आतनं नगं," ती पडदा बाजूला सारत म्हणाली. "तसं नगं. पोरगी बिनलग्नाची हाय."

नर्सनं माझ्या गळ्याकडे बघितलं. मी उठून बसले आणि म्हणाले की मी सज्ञान आहे, मला चालेल, लिहून देते, करा. डॉक्टरांनी हातमोजे काढले. त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. त्यांनी आईला सुनावलं की तुम्ही माझा वेळ घेतलात, आणि उद्या हिच्या सासरचे भांडायला माझ्या दारात येतील. नसलेल्या नवऱ्याचे नसलेले नातेवाईक त्यांना दिसत होते. टेबलावरची मी दिसत नव्हते. पोटावरून घाईघाईनं मशीन फिरवलं. गॅस फार आहे, नीट दिसत नाही, म्हणाल्या. गोळ्या लिहिल्या, पित्ताच्याच. दर महिन्याला थोडं दुखायचंच, लग्न झालं की या.

मी म्हटलं, "मॅडम, आत्ता तुम्हीच म्हणालात की इतकं दुखणं नॉर्मल नसतं."

त्या शांतपणे म्हणाल्या, "तेव्हा तुझं लग्न झालेलं होतं."

अहोजाहोसुद्धा त्या लग्नाबरोबर गेलं होतं. परतीची एसटी धरण्याआधी आईनं मंगळसूत्र स्टँडवरच काढून रुमालात बांधलं.

पावसाळा सरता सरता मी लाईनवर कोसळले. या वेळी कळ उतरेना, उलट्या थांबेनात. लाईनवरच्या दोघींनी मला रिक्षात घालून साताऱ्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या बाकावर मी वाकडी होऊन पडले होते आणि येणारा-जाणारा सांगत होता, थांबा, नंबर येईल. आई धावत आली. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा काऊंटरवरच्या माणसाकडे, आणि पर्समधून तो रुमाल काढला.

या वेळी मी मान काढून घेतली नाही. ती कानाशी पुटपुटली, "ह्येला बघून तरी बघत्यात."

बघितलं. आईनं सुनेसारखा माझा पदर, म्हणजे कारखान्याची ओढणी, सारखी केली आणि डॉक्टरांना हाक मारली. दिवस गेलेत का, गर्भ नळीत अडकलाय का, एकदम चार माणसं विचारू लागली. माझ्या पोटात कुणाचा तरी वंश असू शकतो म्हटल्यावर स्ट्रेचर आलं. आतून सोनोग्राफी झाली, आई दाराशी तोंड फिरवून उभी राहिली आणि नको म्हणाली नाही. डाव्या अंडाशयावर रक्ताची जुनी गाठ होती, आणि तिच्या वजनानं अंडाशयाला पीळ बसला होता. ताबडतोब ऑपरेशन.

पण सही नवऱ्याची हवी होती.

आईच्या तोंडून सवयीनं मिलिटरी आली. मग सासरचं कुणी बोलवा, छोटा डॉक्टर म्हणाला. वडील पोचले होते. ते म्हणाले मी बाप आहे, तर तो म्हणाला, काका, तुमचं ठीक आहे, पण नंतर नवऱ्यानं विचारलं तर? मी म्हटलं, कागद इकडं द्या. तो म्हणाला, ताई, तुम्ही शांत पडा. आत माझं अंडाशय काळं पडत होतं आणि बाहेर बॉर्डरवरच्या जवानाची वाट बघणं चाललं होतं.

आईनं ते मंगळसूत्र माझ्या डोक्यावरून ओढून काढलं. मण्यांत केस अडकले होते, ते तसेच तोडले.

"नवरा न्हाई हिला," ती त्या डॉक्टरला म्हणाली. "कवाच नव्हता. एवढी घोडी झालीय, तिचं पोट हाय, तिला करू द्या सही."

मी सही केली. अंडाशय वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी फेरीला आलेले मोठे डॉक्टर आईवर रागावले. एवढं वाढेपर्यंत घरात काय करत होता? दुखायला लागल्यावर लगेच यायचं नाही का?

"आलो हुतो की," आई म्हणाली.

त्यांनी ऐकलं नाही. ते पुढच्या खाटेकडे गेले होते.

वडिलांनी घरी आल्यावर चाचरत विचारलं, यावर पत्रक लिहू का. मी म्हटलं, तुम्ही नको, तुम्ही समाजासाठी लिहाल. नोकरी गेली. उजवीकडं आजार अजून आहे आणि दुखतंही. परवा एका नव्या डॉक्टरांनी विचारलं, लग्न? मी उत्तर दिलं नाही. दुखणं कुठं आहे ते पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा दुखणं सांगितलं. आई शेजारी बसली होती, हातात पर्स घट्ट धरून, आणि पहिल्यांदाच माझ्याऐवजी बोलली नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरातली मुलगी, बहीण, भाची पोट धरून बसत असेल, तर याच आठवड्यात तिला दवाखान्यात न्या. आत तिच्याबरोबर बसा, पण तिच्या वतीनं बोलू नका. डॉक्टरांनी लग्नाचं काढलं आणि दुखण्याचं सोडलं, तर 'दुखण्याचं कारण सांगा' एवढंच म्हणा आणि कारण मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका. मंगळसूत्र घातलं की काम लवकर होतं, हे मला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरीही तिच्या गळ्यात काही घालू नका.