म्हैस धुवावी तशी गाडी

सकाळी दुकानाच्या फळ्या काढतोय तोवर आबा गवळी मोटारसायकल ढकलत दारात आले. गाडी स्टँडला लावली आणि भर रस्त्यात सांगायला लागले, की ह्या दस्तगीर पेंटरचा रंग कच्चा आहे, ह्याच्याकडं कुणी गाडी टाकू नका. शेजारचा चहावाला हातातल्या गाळणीसकट बाहेर आला. दोघं-तिघं सायकलवाले पाय टेकून उभे राहिले. तो दस्तगीर म्हणजे मीच; हातातली फळी मी पटकन खाली टेकवली.

घाबरायला कारण होतं. रंगकाम शिकवणाऱ्या उस्तादांकडनं बाहेर पडून मी स्वतःचं दुकान नुकतंच टाकलेलं. सत्तरीच्या दशकातलं कोल्हापूर. मोटारसायकली मोजक्या, मालक सगळे एकमेकांना ओळखणारे. त्यात आबा संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हशी घेऊन उभे राहायचे. तिथं समोर धार काढून ताजं दूध प्यायची पद्धत. पैलवान, वकील, कापडवाले, सगळे ग्लास हातात धरून आबांच्या तोंडाकडं बघत उभे. आबा तिथं एकदा बोलले, की ते गावभर झालं म्हणून समजायचं. माझ्या दुकानाचा बोर्ड उतरायला तेवढं पुरे होतं.

मी टाकी बघितली आणि मला रडूच यायचं बाकी राहिलं. गणपतीच्या आधी मी ती गाडी लालभडक करून दिली होती. जुना रंग खरवडून काढला, प्राइमर मारला, लांबी भरली. लांबी म्हणजे पत्र्यावरचे पोचे बुजवायची पुट्टी. ती वाळली, की वॉटर पेपरनं पाणी लावून घासत बसायचं, हाताची सालटी निघेपर्यंत. मग स्प्रे गननं रंगाचे हात. शेवटी खारीच्या केसांच्या ब्रशानं टाकीच्या दोन्ही अंगांना सोनेरी रेघ. ती ओढताना मी श्वाससुद्धा घेत नाही. आता त्या टाकीवर गोलगोल चरे उठले होते आणि रेघ मधनंच गायब झाली होती.

कच्चा रंग ओळखायला सोपा असतो. नख दाबलं की रुततं, नाहीतर पापुद्रे सुटतात, फोड येतात. मी नख दाबून बघितलं. रंग दगडासारखा पक्का. म्हणजे कुणीतरी घासलं होतं, आणि मन लावून घासलं होतं.

मी आवाज जमेल तेवढा खाली ठेवून विचारलं, "आबा, गाडी धुतासा कशानं?"

"मला धुवायला शिकवतोस व्हय? मिसरूड फुटायच्या आधीपास्नं म्हसरं धुतोय मी."

चहावाला हसला. मलाही राग आला. माझं तोंड तसं पहिल्यापासनं फटकळ. मी म्हणालो, म्हसरं धुताय म्हणूनच विचारतोय. झालं, आबा पेटले. उद्या सकाळी गोठ्यावर ये, म्हणाले, तुझ्यासमोर गाडी धुतो. माझी चूक निघाली, तर कट्ट्यावर सगळ्यांसमोर सांगीन. नाही निघाली, तर तू बोर्ड उतरवायचास आणि परत उस्तादाच्या दारात जाऊन उभं राहायचंस. मी हो म्हणून बसलो. संध्याकाळी फळ्या लावताना बोर्डाकडं बघवेना. तो बोर्ड मी स्वतः रंगवला होता, अक्षरांना सावली देऊन.

दुसऱ्या दिवशी गोठ्यावर गेलो. पाडवा तोंडावर आलेला. आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून पळवतात. मालक मोटारसायकलवर पुढं, सायलेन्सर काढून ठेवलेला, आणि त्या फटफटाटामागं म्हैस शेपूट उचलून सुसाट. आबांची मैना सगळ्या पेठेत नावाजलेली. तिच्यापुढं अशी चरे पडलेली गाडी न्यायची, म्हणून आबांचा जीव जळत होता. ते मला कळत होतं, पण माझाही जीव जळतच होता की.

आबांच्या मालकीणबाईंनी, हौसामावशींनी, हातात दुधाचा पेला दिला. गाडी उसाच्या फडातनं येऊन चिखलानं माखली होती आणि चिखल वाळून कडक झाला होता. आबांनी नारळाची शेंडी घेतली आणि त्या कोरड्या चिखलावरच कराकरा फिरवायला सुरुवात केली. आधी माती झाडायची, मग पाणी मारायचं, हा त्यांचा हिशेब. तो आवाज ऐकून माझ्या दातांतनं कळ गेली. मी पेला ठेवला आणि त्यांचा हातच धरला.

मी समजावून सांगितलं. धुळीत बारीक खडे असतात. ती कोरडी असताना तिच्यावर हात फिरवणं म्हणजे पॉलिश पेपरनं घासण्यासारखं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हशीचं कातडं शेंडी सोसतंय, मग लोखंड का सोसत नाही?

"लोखंड सोसतंय, आबा. पण तुमी लोखंड घासतच न्हाई. वरचा रंग घासताय. त्यो सायीएवढा पातळ असतोय."

"मग साय घट्ट धरंल असा रंग द्यायचास की."

हौसामावशी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी मनातल्या मनात बोर्डाचे खिळे उपसायला लागलो.

आबांनी शेंडी बाजूला टाकली. गाडीचं मग बघू, म्हणाले, आधी मैनेचं उरकतो. पाडव्यासाठी मैनेला आदल्या दिवशी भादरलं होतं. भादरणं म्हणजे अंगावरचे केस वस्तऱ्यानं काढणं. केस गेले, की तेल लावून म्हैस काळ्या आरशासारखी चमकते. तिच्या कुशीवर रात्री बसल्याचा शेणचिखल वाळला होता. मला जायचं होतं, पण मावशी पेला संपवल्याशिवाय सोडेनात, म्हणून थांबलो.

आबांनी मैनेला सावलीत बांधलं. वरनं तांब्यातांब्यानं पाणी सोडलं आणि स्वस्थ उभे राहिले. चिखल भिजला, सुटला, आपोआप ओघळला. मग रिठ्याचं पाणी घेतलं. मावशींच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेतला. पाठीपासनं खाली येत, हात जड न करता पुसत आणले. फडकं दर वेळी दुसऱ्या बादलीत खळबळून घ्यायचे. शेवटी कोरड्या फडक्यानं नुसतं टिपलं, चोळलं नाही. मी पेला हातात धरून बघतच राहिलो. माझे उस्ताद नवी रंगवलेली गाडी अगदी असंच धुवायचे. एक गोष्ट इकडची तिकडं नाही.

मी अगदी साळसूदपणे विचारलं, "आबा, मैनेला शेंडी का न्हाई लावलीसा?"

"आरं, काल भादरलीया न्हवं तिला? कातडं उघडं पडलंय. धुळीचा एक खडा घासला तरी चरा उठतोय..."

आबा तिथंच थांबले. हातातलं फडकं तसंच टपकत राहिलं. मैनेनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. हौसामावशी म्हणाल्या, "आता तुमच्याच तोंडानं बोललासा बरं का." आणि त्या एवढ्या हसल्या की खाली बसल्या. मलाही हसू आवरेना. आबांनी मात्र दोन्ही बादल्या ओतल्या, ताजं पाणी भरलं, लुगड्याचा नवा तुकडा फाडला आणि गाडी ढकलत मैनेच्या शेजारी सावलीत आणली.

मग आम्ही दोघांनी मिळून ती गाडी धुतली. मी इंजिन गार आहे का बघितलं, कारण तापल्या गाडीवर साबण वाळून डाग धरतो. आबांनी धुण्याचा सोडा विचारला. मी म्हणालो, सोड्यानं रंगाचं तेज जातं, रिठाच बरा. मडगार्डच्या आतल्या चिखलाला मी वेगळं फडकं दिलं आणि सांगितलं, हे खालचं फडकं टाकीला लावायचं नाही.

"शेपटीचं फडकं तोंडाला लावतंय व्हय कोण?" आबा म्हणाले. त्यानंतर मला काही शिकवायची गरज पडली नाही.

गाडी मी दुकानात नेली. बारीक चरे रबिंग कंपाउंडनं घालवले. कंपाउंड म्हणजे अगदी बारीक पुडीची पेस्ट. ती चऱ्यांच्या कडा झिजवते, मग ते दिसत नाहीत. खोल चऱ्यांना रंगाचा हात दिला आणि सोनेरी रेघ नव्यानं ओढली. आबा समोर स्टुलावर बसून होते. मी श्वास धरला तसा त्यांनीही धरला.

पाडव्याला मी सगळ्यात पुढं उभा होतो. आबा फेटा बांधून आले, गाडी अशी चमकत होती की तिच्या टाकीत दोन्ही बाजूची माणसं दिसत होती. मागनं मैना, शिंगांना रंग, कपाळावर मोरपिसं, पाठ तेलानं झळकतेय. माणसं मैनेला बघून शिट्ट्या मारत होती. मी आपला टाकी बघून शिट्टी मारली. एवढा आनंद मला नंतर स्वतःची पहिली गाडी घेतानाही झाला नाही.

राहिला प्रश्न आबांनी दिलेल्या शब्दाचा. त्या संध्याकाळी कट्ट्यावर गर्दी होती आणि मी मुद्दाम गेलो होतो. आबांनी धार काढता काढता वर बघितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज लावला आणि माझ्याकडं बोट केलं.

"दस्तगीरचा रंग पक्का हाय. तुमास्नी कुणाला गाडी धुवाय येत न्हाय."

चूक आपली होती, एवढं सोडून सगळं बोलले. पण बोर्ड राहिला, आणि पुढच्या आठवड्यात दुकानात गाड्या ठेवायला जागा पुरेना. नंतर आबा कट्ट्यावर दुधाबरोबर गाडी धुवायचे धडेही द्यायला लागले. त्याचा परिणाम असा झाला, की माझ्याकडं रंगवलेली गाडी बरीच वर्षं परत रंगवायला येईना. धंद्याच्या दृष्टीनं ती शिकवणी मला महागच पडली.

आजही कुणी विचारलं, की गाडी घरी चरे न पाडता धुवायची कशी, तर मी पाण्या-फडक्यापासनं सुरुवात करत नाही. घरात तुमचा जीव कशावर आहे, ते विचारतो. कुणी नातू सांगतो, कुणी बैल, एका मास्तरांनी सतार सांगितली. मग मी म्हणतो, त्याला जसा हात लावता तसा गाडीला लावा. सगळ्यांना लगेच कळतं. फार मागं, मैना होती तेव्हा, एकच पोरगा नडला होता. तो म्हणाला, माझा जीव गाडीवरच आहे. त्याला मी आबांच्या गोठ्यावर धाडलं, आणि आबांनी त्याच्याकडनं आधी मैना धुवून घेतली.