पाडव्याआधीचा कोंब आणि देशमुखांची मिशी

२ मार्च. पहाटे गारठा, दुपारी डोकं तापवणारं ऊन, संध्याकाळी उगाच ढग.

एका दिवसात तीन ऋतू झाले की किस्से साचणारच! आम्ही चौघं रोज सकाळी शहराबाहेरच्या टेकडीवर फिरायला जातो, आणि फाल्गुनात आमचा एकच विषय असतो. वाळल्या गवतात पहिला हिरवा कोंब कधी येणार?

यंदा देशमुखांनी थेट मिशीच पणाला लावली. मूळचे वैजापूरकडचे, मिशी त्यांच्याआधी घरात शिरते. "पाडव्याआधी कोंब दिसला तर मिशी उतरवीन! बादल्या ओता नायतर टँकर आणा, या उन्हात गवत डोळा उघडत नाय!"

गणिताचे कुलकर्णी सर म्हणाले, "मुळं जिवंत असतात, देशमुख. आता थंडी लवकर सरते, अवकाळी कधीही येतो. जरा ओल आणि ऊब मिळाली की झालं!"

दुसऱ्याच दिवशी सरांनी ग्रुपवर कोंबाचा फोटो टाकला. कापडदुकानवाल्या शकीलभाईंनी झूम केला. "सर, ये तो शादी के लॉन की प्लास्टिक चटई है!"

मग खरा कोंब सापडला तो शकीलभाईंना. आम्हाला हाका मारायला ते चार पावलं गेले, परत येतात तर तिथं शेळी. देशमुख म्हणाले, "पुरावा पोटात गेला. आता शेळीची साक्ष काढा!"

त्यानंतर सिल्लोडहून शकीलभाईंच्या मेहुण्याचा फोन आला. तिकडं गारपीट झाली आणि माळ हिरवा झाला.

"देशमुखसाब, हार गए तुम!"

"गवत सिल्लोडचं अन् मिशी संभाजीनगरची? जमायचं नाय!"

देशमुख हसत होते, पण आतून धास्तावले होते. पाडव्याच्या आधीच त्यांच्या लेकीचा साखरपुडा होता. वहिनींनी बजावलं होतं, "व्याह्यांसमोर बिनमिशीचे उभे राहिलात तर माझ्याशी गाठ आहे!"

तेव्हापासून देशमुख टेकडीवर सगळ्यांच्या आधी हजर. सगळा माळ तपासायचे, मग त्यांच्या ठरलेल्या दगडावर बसून बाटलीभर पाण्यानं खळखळून चुळा भरायचे. खाकरणं अख्ख्या टेकडीला ऐकू जायचं. चूळ रोज दगडामागं, एकाच जागी.

साखरपुड्याच्या आदल्या सकाळी आम्ही वर पोचलो. देशमुखांचे गाल पाण्यानं फुगलेले. सर सहज दगडामागं डोकावले आणि तिथंच उकिडवे बसले.

"देशमुख, कोंब! तीन!"

देशमुखांनी मान वळवून पाहिलं. तोंडातलं पाणी गिळलं.

"हे पावसाचं नाय!"

शकीलभाई हात जोडून म्हणाले, "टँकर भी चलेगा बोले थे ना! टँकर तो तुम खुदीच निकले!"

१८ मार्च. आकाश निरभ्र, वारा पडलेला. साखरपुडा वेळेवर झाला. विहीणबाईंनी दारात स्वागताला उभ्या असलेल्या देशमुखांनाच विचारलं, "नवरीचे वडील अजून आले नाहीत का?"