काचेचं रबर चांगलं होतं

काल पोस्टाने पार्सल आलं.
वायरींचा एक जुडगा, टोकाला पांढरा प्लग. आणि गाडीच्या समोरच्या काचेचं काळं रबर, गुंडाळून सुतळीने बांधलेलं.
टपालाला चौऱ्याण्णव रुपये. पाठवणारीनेच भरलेले.
चिठ्ठी नाही.

माझा भाऊ बदनाम होऊन गेला. त्याला बदनाम मी होऊ दिलं.

आज दिनूला जाऊन वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. दिनू माझा लहान भाऊ. खामगावला त्याचं चारचाकीचं छोटं गॅरेज होतं. पार्सल पाठवणारी वंदना, त्याची बायको.

आमची गाडी सतरा वर्षांची, पेट्रोलची. दोन वर्षांपूर्वी ती चालता चालता बंद पडायला लागली. पाच-दहा मिनिटं थांबलं की परत चालू.
आधी इंजिनचे स्पार्क प्लग बदलले. मग पेट्रोलचा पंप. मग कुठलासा सेन्सर. तिन्ही बिलं माझ्या वहीत आहेत. गाडी तशीच.

शेवटी एका मोठ्या गॅरेजवाल्याने मशीन लावलं आणि सांगितलं, इंजिनला पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा कॉम्प्युटरच गेला. नवा टाका.
त्या पैशात अर्धी गाडी आली असती.

हे म्हणाले, "तुया भावाले दाखवू एकदा."

रविवारी दिनू एसटीने आमच्याकडे सुलतानपूरला आला, पिशवीत पाने-पेचकस घेऊन.
"ताई, चहा मांड. याले टाइम लागते."

त्याने इंजिन चालू ठेवलं आणि डॅशबोर्डखाली डोकं घातलं. पाय दाराबाहेर. पेचकसाच्या मुठीने कॉम्प्युटरच्या डब्यावर टकटक केलं. काही नाही. मग डब्यात खोचलेल्या वायरींच्या पांढऱ्या प्लगजवळची वायर जराशी हलवली.
इंजिन बंद.
परत चालू केलं, परत हलवली. परत बंद.

"कॉम्प्युटर चांगला हाय," तो खालूनच म्हणाला. "सारे यालेच दोष देतात. बिचाऱ्याले बोलता येत नाही ना."

मग त्याने प्लग ओढून काढला, बघितला, आणि मला हळूच हाक मारली.
पिना हिरव्या पडल्या होत्या. प्लगच्या कोपऱ्यात पिवळं काहीतरी साचलेलं. हळद.

डॅशबोर्डवर मी पितळेचा गणपती बसवला होता.

"ताई, या देवाले पाणी घालतं का तू?"
"घालतो ना. आंघोळ नको का देवाले? मंगळवारी पळीभर, वरून हळद-कुंकू."
"पळीभरच?"
"चतुर्थीले तांब्या."
तो हसला. "तुया देवाच्या आंघोळीत कॉम्प्युटरचीबी आंघोळ झाली वं!"

मला हसू आलं नाही. हे दारातून येत होते. माझ्या देवधर्मावर यांचा आधीच राग. त्यात तीन बिलं, आणि कारण मी.
मी एवढंच म्हटलं, "दिनू..."

"काय सापडलं, मिस्त्री?" यांनी विचारलं.

दिनूने प्लग मुठीत घेतला. उठून उभा राहिला.
"भाऊजी, चूक माहीच हाय. मागच्या साली काच बसवली ना मी, रबर कच्चं राह्यलं. पाणी आत उतरलं."

पुढच्या रविवारी सामान घेऊन आला आणि वायरींसकट नवा प्लग जोडला. खोटं खरं वाटावं म्हणून काचेचं रबरही काढलं आणि नवीन बसवलं. जुनं सगळं पिशवीत भरून घेऊन गेला. पैसे घेतले नाहीत.
गाडी आजपर्यंत एकदाही बंद पडली नाही.

मी गप्प राहिले.

पुढे पुतण्याच्या लग्नात, भर पंगतीत, हे मोठ्याने बोलले, "मिस्त्री कायचा बे तू! तुया रबरानं तीन बिलं भरली मी."
सगळे हसले. दिनूही हसला, पत्रावळीकडे बघत. मग एकदा माझ्याकडे बघितलं.
मी बुंदी वाढत होते. वाढत राहिले.
वंदना ताटावरून उठून गेली.

त्यानंतर नातेवाइकांच्या गाड्या दुसरीकडे जायला लागल्या. भाऊबीजेला दिनू आला नाही. फोन केला तर म्हणाला, "गिऱ्हाईक हाय ताई, सोडता येत नाही."
गिऱ्हाईक नव्हतं. मला नंतर कळलं.

मग झटका आला आणि गेलाच. एक्केचाळीस वर्षांचा.

तेरवीला कोणी तरी म्हणालं, "कामात कच्चा होता, पण माणूस सोनं होता." मी तेव्हाही तोंड उघडलं नाही. रडले फक्त. लोक म्हणाले, बहिणीची माया.

काल ते रबर मी अंगणात पसरलं. इंच इंच ताणून बघितलं. कुठे चीर नाही, भेग नाही. कोणालाही दाखवता आलं असतं त्याला. तसंच ठेवून दिलं त्याने.

यांना दाखवलं.
"आता काऊन उकरून राह्यली? गेलेल्या माणसाले काय फरक पडते?"

मला पडतो. म्हणून इथे लिहिते. त्या पंगतीतले बहुतेक सगळे इथे आहेत. हेही वाचतील. वाचू द्या.

पाणी मी घातलं. दिनूचं काम पक्कं होतं.

गणपती मी तेव्हाच गाडीतून काढून देवघरात ठेवला. हात जोडते, पण वर बघवत नाही.

दिनू, तुला श्रद्धांजली वाहायचं तोंड मला नाही. तुझं नाव तेवढं तुला परत करते. घे बाबा.

वंदनाने मला ब्लॉक केलंय. कोणी तरी तिला हे वाचून दाखवा.

वंदना, हेच सगळं कागदावर लिहून आज रजिस्टर पोस्टाने टाकलं आहे. सोबत माझा पत्ता घातलेलं कोरं कार्ड आहे. यंदा अधिक महिना आल्यामुळे तिथीने वर्षश्राद्ध अजून अठरा दिवसांनी आहे. तुझ्या दारात, सगळ्यांसमोर मला हे तोंडाने बोलायचं आहे. पण तू म्हणशील तरच.
‘ये’, किंवा ‘येऊ नको’.
एवढंच उलट टपालाने कळव.