पहिल्या भागाचा निकाल्या

आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर दात बनवणारा एक माणूस आहे. दुकानाच्या पाटीवर त्याचं पूर्ण नाव आहे, पण ते कुणी वाचत नाही. सगळे त्याला निकाल्या म्हणतात आणि तोही ओ देतो. दातांचा आणि निकालाचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. दात हा त्याचा धंदा, आणि निकाल हे त्याचं जीवितकार्य.

निकाल कशाचा, तर ॲनिमेचा. त्याला कार्टून म्हणायचं नाही. मी एकदा म्हटलं, तर त्याने हातातली कानस खाली ठेवून माझ्याकडे असं बघितलं, जणू काही मी त्याच्या आईला नावं ठेवली. तर ॲनिमे. जपानात या मालिका दर तीन महिन्यांनी नव्या येतात, भाजीसारखा त्यांचा हंगाम असतो. एका हंगामात तीस-चाळीस तरी. निकाल्या प्रत्येकीचा पहिला भाग बघतो, तोही दीडपट वेगाने, आणि लगेच फोनवर आपलं मत लिहून टाकतो. ते हजारो पोरं वाचतात. तो चांगली म्हणाला की बघतात, वाईट म्हणाला की न बघता शिव्या देतात. म्हणजे पोरांचा वेळही वाचतो आणि मतही तयार मिळतं.

दुसरा भाग निकाल्याने आजवर कशाचाच बघितलेला नाही.

"आजी, पहिल्या भागात जी पकडत नाही, ती पुढे काय पकडणार?" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

"आणि पहिल्यात जी पकडते ती?"

"तिचा निकाल लागला ना! मग कशाला बघायची?"

तसा तो जन्मभर पहिल्या भागाचाच माणूस. चित्रकलेच्या वर्गात गेला, मास्तरांनी मडकं काढायला सांगितलं, दुसऱ्या दिवशी फिरकला नाही. कचेरीत चिकटला तो जेवणाच्या सुट्टीआधी सुटला. पोहायला शिकायला गेला तो पायऱ्यांवरूनच परत. दातांच्या धंद्यात मात्र टिकला, कारण दुकान सासऱ्याचं आणि किल्ली बायकोकडे. लग्न कसं टिकलं, असं मी तिला एकदा विचारलं. गल्ल्यावर बसून ती पावत्या फाडत होती. म्हणाली, "त्यांचं मत विचारलंय कुणी?"

आता माझं प्रकरण सांगते. माझी नात माझ्याजवळ राहते. या हंगामात तिला नोकरी लागली होती, तीही नेमकी ॲनिमेच्या कंपनीत. पडद्याखाली आपल्या भाषेतल्या ओळी येतात ना, त्या ती लिहिते. नोकरी कच्ची होती. साहेब म्हणाले, पहिली मालिका देतो, दोन-तीन आठवडे लोक काय म्हणतात ते बघू, मग ठरवू. साहेबांना जपानी येत नाही आणि ॲनिमे ते बघत नाहीत. ते फक्त लोकांची मतं बघतात. आणि आमच्याकडच्या लोकांची मतं तयार होतात ती निकाल्याच्या दुकानात, प्लास्टरच्या जबड्यांमध्ये.

पोरीच्या वाट्याला मालिका आली ती अशी. बर्फातलं एक बंद पडलेलं स्टेशन. तिथे एक बाई रोज तिकिटाची खिडकी उघडून बसते. गाडी येत नाही. झालं. पहिल्या भागात बाई बसते, बर्फ पडतो, मांजर येतं, बाई मांजराला म्हणते, "लक्ष द्या. दूध संपले आहे." मांजर जातं.

मी म्हटलं, "अगं, मांजराशी असं कोण बोलतं?"

"तिसऱ्या भागात कळतं आजी. तिचं घरचं माणूस कुणी उरलेलंच नाही. घरचं बोलणं ती विसरून गेलीय, स्टेशनवरच्या घोषणा तेवढ्या तोंडात राहिल्यात. जपानीत ती तशीच बोलते. म्हणून मीही तसंच लिहिलंय."

मला ते फार आवडलं. मी म्हटलं, निकाल्याला सांगून ठेवते, माझी कवळी त्याच्याकडेच बनतेय. तर पोरगी उसळली.

"आजी, तू अवाक्षर काढायचं नाहीस! माझं नाव नाही, नातं नाही, काही नाही. वशिल्याने राहिलेली नोकरी मला नको. घे शपथ."

घेतली. करते काय?

दोन दिवसांनी माझी कवळी तयार झाली म्हणून दुकानात गेले. बाकावर तीन गिऱ्हाइकं गाल धरून बसलेली. निकाल्याने मला खुर्चीत बसवलं, कवळीच्या आतून कसली तरी पांढरी पेस्ट लावली आणि ती माझ्या तोंडात बसवली. "कुठे दाबतेय ते यावरून कळेल. आता पाच मिनिटं दात मिटून ठेवायचे. बोलायचं नाही, हलायचं नाही." आणि त्या पाच मिनिटांचा सदुपयोग म्हणून त्याने फोन उघडला.

"ऐका आजी, आज रात्री निकाल टाकतोय. यंदाचा हंगाम भिकार आहे." त्याच्या लेखी प्रत्येक हंगाम भिकारच असतो. "पहिली मालिका. एक हिशेबनीस मरतो आणि दुसऱ्या जगात राजवाड्याच्या दाराची कडी म्हणून जन्म घेतो. उत्तम! पहिल्याच भागात तीन वेळा दार उघडतं. दुसरी. पाच मुली मिळून घड्याळं दुरुस्त करतात. पाचही सारख्याच दिसतात, फक्त केसांचे रंग वेगळे. बरी. तिसरी, ती बर्फातली बाई."

मी कान टवकारले.

"मी लिहिलंय, 'बाई बसली. मी उठलो.'" बाकावरचा एक जण हसला, तसा निकाल्या फुलला. "पुढे ऐका. 'खालच्या ओळी लिहिणाऱ्याला घरची भाषा येत नाही असं दिसतं. बाई मांजराशी सरकारी पत्रातल्यासारखं बोलते. कंपनीने या लेखकाला तातडीने घरी पाठवावं, म्हणजे घरात कसं बोलतात ते तरी कळेल.'"

"ऊं!" मी म्हटलं.

"बघा, आजीलाही पटतंय."

"ऊं! ऊंहूं!"

"आजी, हलू नका, पेस्ट सरकेल. अगं, हे वाक्य कसंय? घरी पाठवावं, म्हणजे..."

"चांगलंय," बायको मान वर न करता म्हणाली. "तुम्हाला तुमच्या त्या कचेरीने असंच पाठवलं होतं ना?"

मी खुर्चीत दात मिटून बसले. माझ्या नातीची नोकरी माझ्या डोळ्यांदेखत चालली होती आणि माझ्या तोंडात पेस्ट होती. पेस्ट नसती तरी शपथ होतीच. तोंडाला असं दोन्हीकडून कुलूप आयुष्यात कधी लागलं नव्हतं.

पाच मिनिटं झाली. त्याने कवळी काढली, दिव्याखाली धरून बघितली, दोन ठिकाणी मोटर लावून घासली, धुतली, पुन्हा बसवली. हे खरं सांगितलं पाहिजे, दातांच्या कामात तो घाई करत नाही. फोनवरचा माणूस वेगळा आणि मोटरवरचा वेगळा.

"झालं. आता नीट ऐका. पहिले काही दिवस बोचेल. बोलताना आवाज येईल. घास सरकेल. लगेच मनात काही आणायचं नाही. तोंडाला सवय व्हावी लागते. पंधरा दिवस घालायची, मग सांगायचं कशी वाटते ते."

त्याचे हे शब्द कानात शिरले आणि मी खुर्चीतून उठले. बाकाकडे तोंड केलं.

"लोकहो," मी म्हटलं, आणि नव्या कवळीने खरोखरच टकटक आवाज केला, "निकाल ऐका. कवळी बसली. मी उठले. भिकार आहे. बनवणाऱ्याला तातडीने घरी पाठवावं."

मघाशी हसलेला माणूस आता गालावरचा हात काढून सरळ बसला. त्याच्या शेजारच्या बाईंनी पिशवी उचलली.

"आजी!" निकाल्या लालबुंद. "घालून एक मिनिट नाही झालं!"

"त्या बर्फातल्या बाईला तू किती मिनिटं दिलीस?"

"अहो, ती मालिका आहे. दीडपट वेगाने पंधरा-सोळा मिनिटांत सगळं कळतं."

"मग मीही दीडपट वेगाने चावते."

"दात असे कळत नसतात! आधी हिरडी बसते, मग..." तो थांबला.

गल्ल्यावरून आवाज आला, "बोला की. थांबलात का?"

"तुझं काय मधेच?"

"माझं काही नाही बाई. मी ऐकतेय. पेस्ट नाही माझ्या तोंडात."

पिशवीवाल्या बाई दारापर्यंत पोचल्या होत्या. तिकडे बघत निकाल्याने आवाज खाली आणला. "आजी, काय पाहिजे तुम्हाला?"

"मी पंधरा दिवस ही कवळी घालते आणि वाईट शब्द काढत नाही. तू पंधरा दिवस त्या बर्फातल्या बाईबद्दल चांगलं नाही, वाईट नाही, काही लिहायचं नाहीस. दर आठवड्याला येणारे तिचे पुढचे भाग बघायचे. साध्या वेगाने. मग लिही हवं ते, शिव्या दे, माझं काही म्हणणं नाही."

"आणि बाकीच्या मालिका?"

"त्यांचं तू बघ. दाराच्या कडीचा मला काही पुळका नाही."

"मग हिचाच का?"

"मीही दिवसभर बसूनच असते," मी म्हटलं. ते खरंच होतं, आणि शपथही मोडली नाही.

बाई परत येऊन बाकावर बसल्या. सौदा ठरला.

त्या रात्री निकाल लागला. कडी उत्तम, घड्याळं बरी, बाकी सगळ्यांची धुलाई. बर्फातल्या बाईपुढे लिहिलं होतं, "विचार चालू आहे." त्याच्या वाचकांमध्ये हाहाकार. विचार? निकाल्या आणि विचार? पोरांचे फोन दुकानात येऊ लागले. त्याची बायको मला सांगायची, "एकाने विचारलं, मालिका मी बघितलीय, मला आवडली की नाही तेवढं सांगा." आठवड्याभरात पोरं कंटाळली आणि दुसऱ्या एकाकडे गेली. तो पहिला भागही बघत नाही, नुसती जाहिरात बघून सांगतो. प्रगती कुणाला थांबवता येत नाही.

इकडे माझी नात रोज फोन चाळायची. "आजी, कुणीच काही बोलत नाही गं. वाईटही नाही. साहेबांना काय दाखवू?" तिचं जेवण कमी झालं. मला वाटलं, मी जास्तीचं शहाणपण केलं की काय. शिवी मिळाली असती तर निदान कुणी बघतंय एवढं तरी कळलं असतं. आणि मला तर तक्रारीचीही चोरी. कवळी डावीकडे बोचत होती आणि मी पातळ वरणावर दिवस काढत होते.

पंधरवडा भरला आणि निकाल्याने लिहिलं. आजवर त्याचा निकाल चार-पाच ओळींच्या वर गेला नव्हता. हा नातीने मला वाचून दाखवायला घेतला, तर मधे चहा करावा लागला. पहिला भाग त्याने पुन्हा बघितला होता. बाई मांजराशी घोषणेत का बोलते ते त्याला कळलं होतं, आणि ज्याने ते लिहिलं त्याला ते आधीपासून माहीत होतं हेही त्याने लिहिलं होतं. पोरीचा आवाज तिथे जरा बारीक झाला. पुढे मात्र त्याने कथेला भरपूर झोडपलं होतं. बर्फ फार पडतो. मांजराचा स्वभाव पटत नाही. आणि शेवटी, तिसऱ्या भागातली सगळ्यात महत्त्वाची ओळ इतकी लांब आहे की वाचून व्हायच्या आत निघून जाते.

हे लांबलचक पुराण किती लोकांनी वाचलं? वाचक तर सगळे जाहिरातवाल्याकडे गेलेले. पण साहेबांनी बघितलं. वाचलं नाही, बघितलं. अंगठ्याने खाली सरकवत गेले आणि म्हणाले, "एवढं लांब कुणीतरी लिहितंय म्हणजे लोकांना काळजी आहे. राहू दे हिला." नोकरी पक्की झाली. माझ्या नातीच्या कामाचं मोल असं वितीने मोजून ठरलं.

मी देवापुढे हात जोडायला निघाले, तर पोरगी टेबलाशी रागाने फणफणत बसलेली.

"अगं, राहिली ना नोकरी?"

"राहिली गं. पण हा म्हणतो ओळ वाचता येत नाही! याला काय कळतं? दात घासणारा माणूस. चांगली वाचता येते."

"मला दाखव."

"तुला?"

"मी चौथीपर्यंत शिकलेय, तीही मधूनमधून. मला वाचता आली तर कुणालाही येईल."

तिने तो भाग लावला. स्टेशनात बाई बसलेली. कुणीतरी तिला विचारतं की रोज का बसतेस. खाली ओळ आली. मी चष्मा सारखा करून वाचायला लागले, "कृपया लक्ष द्या. गाडी येणार नाही याची मला पूर्ण..." आणि ओळ गेली.

"परत," मी म्हटलं.

परत गेली. "पूर्ण कल्पना आहे" पर्यंत पोचले होते.

पोरीने कीबोर्ड पुढे ओढला. दाखवून झालेल्या भागातसुद्धा ओळ बदलता येते म्हणे. तिने 'कृपया' खोडलं. मग 'पूर्ण कल्पना' खोडलं. नखं खात बराच वेळ पडद्याकडे बघत बसली, मग आणखी काही खोडलं.

"आता वाच, आजी."

मी मोठ्याने वाचलं. "लक्ष द्या. गाडी येणार नाही. खिडकी उघडी राहील."

ओळ अजून तिथेच होती.